राजवाडा डावीकडे, आप्पा कुठे?

"मंडळी, डावीकडे बघा, राजवाडा!" बोटीवरचा गाईड म्हणाला आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. मी एकटी खाली बघत होते, काठावरच्या बाकांकडे. सकाळी दार उघडं टाकून आप्पा, म्हणजे माझे वडील, कुठेतरी निघून गेले होते. हल्ली त्यांना ना घराचा पत्ता आठवायचा, ना आमची नावं. नदीकाठी बसायला मात्र आवडायचं. दादा मोटरसायकलवरून गल्ल्या पालथ्या घालत होता. मी ही बोट पकडली, कारण एका फेरीत दोन्ही काठ दिसतात.

"ताई, जरा सरका की, फोटोत डोकं येतंय तुमचं," मागच्या बाई म्हणाल्या.

"राजवाडा काय पळून चाललाय?" मी खेकसले. नंतर सरकलेही, पण जागेवर बसवतच नव्हतं.

वाचनालयाचा घुमट आला. त्याच्या सावलीत एका बाकावर ओळखीचं टक्कल दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. टक्कल वळलं, तर भलताच माणूस! त्या बिचाऱ्याचा मला रागच आला. बोट इतकी रमतगमत चालली होती की उतरून मागून ढकलावी असं वाटत होतं. वाटेतल्या प्रत्येक पायरीवर मला पाय घसरलेले आप्पाच दिसत होते.

घंटाघरापाशी माझा धीर सुटला. गाईडला सगळं सांगितलं. विनोद अर्धाच टाकून त्याने माइक माझ्या हातात दिला.

"माझे वडील हरवलेत हो! पांढरा सदरा आहे, बारीक अंगकाठी... आप्पा, ऐकताय ना? माझी मदत करा!"

"माझी नव्हे! मला! मला मदत करा!" काठावरून कुणीतरी कडाडलं.

जुन्या पुलाखाली आप्पा उभे होते, एकाच पायात चप्पल आणि तर्जनी आमच्यावर रोखलेली. जन्मभर शाळेत भाषा शिकवलेला माणूस. चुकीचं वाक्य त्यांना घासातल्या खड्यासारखं लागायचं.

चालकाने बोट काठाला लावली. ती पुरती टेकायच्या आत मी उडी मारली आणि आप्पांचा हात धरला.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "वर्ग कोणता गं तुझा?"

मी तुमची धाकटी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात तो जुना दरारा होता. तो मोडवेना.

"दहावी अ, सर."

"दहावीत, आणि ही भाषा? घरी कोणी शिकवत नाही?"

"वडील शिकवायचे, सर," मी कसंबसं म्हटलं.

"मग त्यांच्याशीच बोलतो. चल, घर दाखव," म्हणत आप्पा तरातरा चालू लागले, उलट्या दिशेने.