आठ बॅटऱ्या आणि एक अबोला

वायरमन रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्याला वायरमनच म्हणत. पायाची भिंगरीही काही सुटली नव्हती. त्या शनिवारी तर तो पहाटेपासून शेडमध्ये आत-बाहेर करत होता. पक्कड उचलायची, कुठंतरी ठेवायची आणि मग तीच शोधत बसायचं. जिवाला चैन म्हणून नाही. उद्या लेक यायची होती, आईला न्यायला.

घर चढाच्या टोकाला आणि गल्ली इतकी अरुंद की मोटार वर येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठ महिने बायको खाली उतरलीच नव्हती. वायरमनने जन्मभर एका क्लबात गोल्फच्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचं वायरिंग केलं होतं. त्यातली एक भंगारात निघाली तेव्हा त्याने ती घेऊन ठेवली होती. पण तिचं आयुष्य गेलं सपाट हिरवळीवर. छत्तीस व्होल्टवर चढ नुसता बघूनच तिला धाप लागायची. शेवटी लेकीने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, रविवारी आईला खाली आणा आणि परत वर नेऊन दाखवा. नाही जमलं तर आई माझ्याकडेच राहील."

म्हणजे छत्तीसचे अठ्ठेचाळीस करणं आलं. आठ नव्या बॅटऱ्यांची किंमत ऐकून तो दुकानातून उठलाच. सहा-सहा व्होल्टच्या सहा जुन्या होत्या, दोन नव्या जोडल्या की भागेल असा त्याचा हिशेब.

"काका, जुन्यात नवी घालू नका," दुकानदार म्हणाला. "जुनी तिला आपल्यासारखीच करून सोडते."

"लग्नासारखंच की," वायरमन म्हणाला. मग क्लबात जाऊन त्याने जुन्यांच्याच वयाच्या दोन शोधून आणल्या. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर मिळाला एका ठोकलेल्या गाडीतला. राहिला चार्जर. मेव्हण्याकडे ट्रकचा होता, पण चोवीस व्होल्टचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणून चार-चार बॅटऱ्या चार्ज करायच्या ठरल्या. सीटखाली दोन रांगा होत्या. सकाळी सहाला चार्जरचे चिमटे मागच्या चार बॅटऱ्यांना लावायचे, दुपारी दोनला काढून पुढच्या चारांना. दोनच्या ठोक्याला बायको खिडकीतून ओरडायची, "अहो, चिमटे." कधी चुकली नाही.

पण गुरुवारपासून खिडकी गप्प होती. वायरमनने रागाच्या भरात विचारलं होतं, "तुलाच जायचंय ना लेकीकडे?" ती म्हणाली होती, "जाते. तिथं लिफ्ट तरी आहे." तेव्हापासून घरात फक्त भांडी बोलत होती. आणि दारात तिची भरलेली बॅग उभी होती. ती ओलांडताना दर वेळी तो नजर दुसरीकडे करायचा.

डोकं असं ठिकाणावर नसताना शनिवारी त्याने आधी पुढच्याच रांगेला चिमटे लावले. दोनला ते मागच्या रांगेला लावले आणि ब्रेकची तार आणायला तो गावभर हिंडला. संध्याकाळी येऊन बघतो तर चार्जर बंद, चिमटे खिळ्याला टांगलेले. हिला ती घरघर सहन झाली नसेल, त्याने मनाशी म्हटलं. मीटर लावला. आठांचे मिळून एकोणपन्नास व्होल्ट भरले. आकडा बरा होता. तरी तिला विचारावं असं फार वाटलं. विचारलं नाही.

रविवारी गाडी छान उतरली. बायको शेजारी, वॉकर मांडीवर, तोंडाला कुलूप. खाली लेक मोटारीची डिकी उघडून उभी होती. वायरमनने लगेच गाडी वळवली आणि चढाला घातली. लेक मागून चालत निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर गाडी मंदावली, कण्हली आणि थांबली. त्याने ब्रेक ओढून धरला.

बायको वॉकर धरून उतरली. त्याने सीट उचलून दोन्ही रांगांना वेगवेगळा मीटर लावला. पुढची पंचवीस, मागची बावीस.

"मागच्या चार्जच झालेल्या नाहीत," तो स्वतःशीच म्हणाला.

"कशा नाहीत?" बायकोचा चार दिवसांतला पहिला शब्द. "काल तुम्ही बाहेर गेलात तेव्हा चिमटे मागंच होते. दोन वाजून गेले होते. म्हटलं, विसरले. मी पुढं लावले. बॅटऱ्या भरल्याचा हिरवा दिवा लागल्यावर काढून ठेवले."

"अगं, काल मी पुढच्यांपासून सुरुवात केली होती."

"मग सांगायचं नाही?"

"तू बोलत होतीस का?"

वायरमन तिच्या गुडघ्याकडे बघत राहिला. घरातून शेडमध्ये उतरायला चार पायऱ्या होत्या.

"त्या पायऱ्या उतरलीस? कशाला?"

"कशाला म्हणजे? गाडी चढायला नको?" ती चिडून म्हणाली.

इतके दिवस आपण एकटेच या चढाशी झगडतोय असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि हायसंही वाटलं.

लेक धापा टाकत पोचली. "बघितलंत ना बाबा? मी वरून बॅग आणते."

"बॅग कपाटात ठेव," बायको म्हणाली, "आणि चार्जर आण. लांब वायरही आण. या वळणावरच्या शिवणवाल्या बाईंकडे प्लग आहे, आम्ही तिथं बसतो."

"आई, आठ तास लागतील."

"लागू देत."

लेक कपाळाला हात लावून चढ चढू लागली. वायरमनने पुढच्या रांगेवर बोट ठेवलं. "या भरलेल्या आहेत," तो म्हणाला. "आता मागच्या लावायच्या."

"हं," बायको म्हणाली, "असं सांगत चला."