नसलेली टेप

आप्पा छापखान्याच्या युनियनचे सेक्रेटरी होते, तेव्हा सरकार नऊ वर्षं त्यांच्या घरचा फोन ऐकत होतं. आता बायको जाऊन चार महिने झाले होते. घरात तिचे फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठेच नव्हता. म्हणून आप्पांनी फोन ऐकणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात जाऊन रीतसर अर्ज केला: माझ्या बायकोचा आवाज आपल्या कार्यालयाकडे आहे, त्याची नक्कल मिळावी.

"काका, असं रेकॉर्डिंग कधी झालंच नाही," निवृत्तीला आलेला साहेब अर्जावरून नजर न उचलता म्हणाला.

"वा! तेव्हा न विचारता ऐकलंत, आणि आता मी हात जोडून मागतोय तर झालंच नाही?"

"जे झालं नाही ते देऊ कुठून?"

"साहेब, मी भांडायला नाही आलो. मला तिचा आवाज आठवेनासा झालाय हो."

साहेब उठला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"टेपा कधीच जाळल्या," तो हळूच म्हणाला. "पण बहिणीशी बोलताना वहिनी हसायच्या ना, आधी श्वास आत ओढायच्या आणि मग एकदम फुटायच्या. हेडफोन लावलेले आम्ही तिघंही हसायचो. कशाला, ते कळलेलं नसायचं."

नऊ वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो माणूस समोर होता. उठून चालतं व्हावं, असं आप्पांना वाटलं. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"अजून सांगा," ते म्हणाले.