ज्यांच्यावर पाणी मिटले

माघातली सकाळ होती. खाडीवर धुक्याची पातळ साय धरली होती आणि सायीखाली पाणी हळूच कूस बदलत होते. राखाडी पाणी, निःशब्द पाणी, कुणाचे कधी काही घेतलेच नाही अशा चेहऱ्याचे पाणी. सूर्य नारळींच्या शेंड्यांवर आला, पाण्यावर सोने सांडले, आणि ते आणखीच साळसूद दिसू लागले.

त्या काठावर, बागांच्या मागे, चुन्याने उजळलेली इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, मशीद होती. शिकलेली माणसे तिला सिनेगॉग म्हणत. गाव मात्र मशीदच म्हणे, आणि तिनेही त्याचे कधी वाईट वाटून घेतले नव्हते.

कोणत्या शतकात कोण जाणे, एक गलबत याच किनाऱ्यावर फुटले होते म्हणतात. सात पुरुष आणि सात बायका काठाला लागल्या. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी ते बंद ठेवले, आणि कोकणाने त्यांना शनवार तेली म्हणून पोटात घेतले. ही गोष्ट इथले प्रत्येक मूल ऐकत मोठे होई. बाकीचे बुडाले, एवढेच त्यांच्याबद्दल सांगत. बुडालेल्यांना वंशज नसतात, मग त्यांची गोष्ट सांगणार कोण?

आता वाचलेल्यांचे वंशजही निघाले होते, बरीच घरे तर आधीच गेली होती. इस्रायलला जायचे कागद आले होते, ट्रंका बांधून झाल्या होत्या, कोंबड्या शेजारच्या कोळणींना वाटून झाल्या होत्या. सोमवारच्या लाँचने उरलेली सगळी घरे मुंबईला जाणार, आणि त्यांच्याबरोबर मखमलीत गुंडाळलेला सेफेर, तोरेची, म्हणजे धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी, तीही जाणार. हा शनिवार इथला शेवटचा. राहणार होते ते एकच घर, एल्लोजी आवासकर आणि त्याची बायको मिलकाबाई यांचे.

आणि शेवटच्या शनिवारी कोणता भाग वाचायला यावा? आठवड्या-आठवड्याला तोरेचा एकेक भाग येतो, न मागता येतो, न टाळता येतो. या शनिवारी आला होता समुद्राचा.

मागे राजाचे सैन्य, पुढे अथांग समुद्र, मध्ये गुलामीतून पळालेली भेदरलेली माणसे. मोशे हात उगारतो. पाणी दुभंगते, तळ उघडा पडतो, कोरड्या पावलांनी लेकरेबाळे पार होतात. मग पाणी मिटते, आणि सैन्य पाण्याखाली जाते. पैलतीरी सुटलेली माणसे गाणे म्हणतात. ते गाणे वाचताना सारी मंडळी उभी राहते, म्हातारी, आजारी, पाय सुजलेली, सारी.

फक्त एल्लोजी आवासकर उभा राहत नसे. कारण त्या शनिवारी तो येतच नसे.

वर्षाचे बाकीचे सगळे शनिवार त्याचे होते. त्याच्यासारखा वाचणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. धीरगंभीर गळा, प्रत्येक अक्षर घासून-पुसून ठेवलेले. पण समुद्राचा आठवडा आला की तो घरात बसून राही, आणि सॅम्युएल मास्तर अडखळत, घाम पुसत, ते गाणे कसेबसे पैलतीरी नेत. बारा वर्षे असेच चालले होते. त्याला कुणी कारण विचारले नाही. सगळ्यांना ते ठाऊक होते.

बारा वर्षांपूर्वी, याच आठवड्यात, त्याने मुंबईला आपल्या एकुलत्या मुलाला कार्ड टाकले होते. पिनहास रेल्वेच्या कचेरीत नुकताच लागला होता, बापाचाच गळा घेऊन आला होता. यंदा समुद्राचे गाणे तू वाचायचेस, ये, असे बापाने लिहिले. पिनहास निघाला. शुक्रवारी लाँच चुकली म्हणून शिडाच्या मचव्यात बसला.

खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली होती. मचवा हाकणारा तांडेल म्हणाला, वाळूचा दांडा वर आलाय, भरती येईस्तोवर बाहेरच थांबू. पिनहास म्हणाला, सूर्य मावळायच्या आत मला घरी पोचायचंय, एकदा शनिवारचा शब्बाथ लागला की मला प्रवास नाही. तांडेलाने शीड सोडले. मचवा दांड्यावर घासला, आडवा झाला, आणि लाटेने त्याला उलटा केला.

हे सारे तांडेलाने नंतर सांगितले. तो पोहून निघाला होता. एल्लोजीने मात्र ते बंधाऱ्यावरून पाहिले होते. तांबूस आभाळ, एक पांढरे शीड, आणि मग नुसतेच तांबूस आभाळ. मोशेने केला तसा त्यानेही हात वर केला होता. पाणी दुभंगले नाही. पिनहास मिळालाही नाही, आणि म्हणून ही दोघे गाव सोडून जाणार नव्हती. समुद्र हीच त्यांच्या मुलाची कबर होती, आणि कबर बरोबर नेता येत नाही.

त्या दिवसापासून एल्लोजीच्या घराची समुद्राकडची खिडकी बंद होती.

मशिदीत त्या सकाळी मंडळी जमली. पांढऱ्या शाली, हातात जीर्ण पोथ्या, आणि नजरा भिंतींवर, कारण सोमवारनंतर त्या भिंती दिसणार नव्हत्या. वर लाकडी माडीवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यात मिलकाबाई होती. ती या शनिवारी दरवर्षी येई, एकटी येई, आणि गाणे सुरू झाले की पहिली उभी राही. लोकांना याचे नवल वाटे. काही बायकांना तर रागही येई.

दहा पुरुष असल्याशिवाय सेफेर उघडत नाही, असा नियम आहे. आणि माणसे एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, असाही. मग दहा शब्दांची एक हिब्रू प्रार्थना आहे, ती म्हणत माणसामाणसाकडे बोट करायचे, एका माणसाला एक शब्द. पहिल्या तीन शब्दांत मागणे आहे: तुझ्या लोकांना तार. पुढे त्यांना आशीर्वाद दे, त्यांना सांभाळ, त्यांना उचलून घे. दहावा शब्द आहे सदासर्वकाळ. नऊच माणसे असली की प्रार्थना त्या शब्दाच्या उंबरठ्यावर अडते.

मशिदीची देखभाल करणारा मुसाजी शामाश उठला आणि बोट फिरवू लागला. सॅम्युएल मास्तर. रोहेकर बंधू. दम्याचा शालोम पेणकर... बोट नवव्या माणसावर आले आणि हवेत राहिले. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जणू प्रार्थनेतच कुठे चूक झाली असावी. पुन्हा तेच. इतकी वर्षे एक म्हातारा घरी बसला तर कुणाचे काही अडत नव्हते. माणसे पुष्कळ होती. एल्लोजीचे दुःख त्या पुष्कळांत सामावून जात होते. आता त्याला सामावून घ्यायला माणसेच उरली नव्हती.

मुसाजी एल्लोजीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“काका, नऊच जण हायेत. तुम्ही नाय आलात तर सेफेर न उघडताच पेटीत घालावा लागंल.”

एल्लोजी खाटेवर बसला होता. धुतलेला सदरा, विंचरलेली दाढी. कुठे जायचे नसलेला माणूस इतका नीटनेटका असणे बघवत नव्हते.

“घाला मग,” तो म्हणाला. “तुझं वाईट वाटतं मुसाजी. पण त्या गाण्याला हो म्हणायला मी यायचा नाय. जा बाबा.”

मुसाजी मागे फिरला. परत येऊन त्याने नुसती मान हलवली. कुणीतरी पोथी मिटली. सॅम्युएल मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा ते गाणे वाचावेसे वाटत होते, आणि तेच नशिबी नव्हते.

तेव्हा माडीचा जिना वाजला. मिलकाबाई खाली उतरली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली.

बागांतून वाट जात होती. सुपारीच्या सावल्या, चिंब गवत, दूर कुठे रहाटाची करकर. सत्तर वर्षांची बाई त्या वाटेने बारा वर्षांचे एक वाक्य घेऊन चालली होती.

एल्लोजीने मान वर केली. “तूही मला बोलवायला आलीस?”

“नाही,” ती म्हणाली. “सांगायला आले.” आणि तिने आधी ती खिडकी उघडली. बिजागऱ्या किंचाळल्या, मग घरात समुद्र आला, खारा, लखलखीत, अनावर.

“ते कार्ड तुम्ही माझ्यापाशी दिलंत, पोस्टमनला द्यायला. आठवतं? खाली थोडी जागा उरली होती. मी तिथं एक ओळ लिहिली. दिवेलागणीच्या आत ये, मी वाट बघते, अशी.” तिचा आवाज फाटला नाही, फक्त बारीक झाला. “गाण्यासाठी तुम्ही बोलावलंत. घाईनं मी बोलावलं.”

एल्लोजी तिच्याकडे बघत राहिला. बारा वर्षे तो समजत होता की हे ओझे त्याच्या एकट्याचे आहे. एकाच छपराखाली, एकाच ताटाशेजारी, एकाच दिव्याच्या उजेडात ती त्याच्याहून जड ओझे घेऊन बसली होती, आणि त्याने कधी विचारलेही नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

“आणि तरी तू जातेस,” तो म्हणाला. “त्या गाण्याला उभी राहतेस.”

“ज्यांच्यासाठी पाणी उघडलं, त्यांच्यासाठी नाही उभी राहत मी. ज्यांच्यावर मिटलं, त्यांच्यासाठी राहते. त्यांनाही आया असतील ना हो. सगळ्या वर्षात बुडालेल्यांचं नाव उभं राहून घेतो ते तेवढ्याच गाण्यात. ते गाणं नाही वाचलं, तर यंदा त्यांना कोण आठवणार?”

एल्लोजी उठला. त्याने पेटी उघडली, शाल काढली, खांद्यावर घेतली.

तो मशिदीत शिरला. मुसाजीने फक्त बोट उचलले आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, शब्दामागून शब्द, माणसामागून माणूस, तो एल्लोजीपर्यंत आला. सदासर्वकाळ, तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

पवित्र कपाट उघडले. सेफेर मधल्या चौथऱ्यावर आला. सॅम्युएल मास्तर बाजूला सरले आणि एल्लोजी तिथे उभा राहिला. समोर ते गाणे होते, ओळींमध्ये कोऱ्या जागा सोडून, चिऱ्याच्या भिंतीसारखे रचून लिहिलेले. वाचताना आजवर तो काळ्या अक्षरांकडे बघे. आज त्याला त्या कोऱ्या जागा दिसल्या.

त्याने सुरुवात केली. मंडळी उभी राहिली. जुना गळा, गंजलेला गळा, तरीही तोच. जिथे सारे वाचणारे विजयाने चढत जातात, घोडा आणि स्वार समुद्रात, दगडासारखे तळाला, तिथे तो चढला नाही. तिथे तो उतरला. एकेक शब्द त्याने इतक्या हळुवार ठेवला की जणू तो कुणाला निजवत होता. माडीवर मिलकाबाई कठडा धरून उभी होती. तिच्या शेजारी, तिच्यावर रागावणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या.

सोमवारी लाँच गेली. धक्क्यावर गळाभेटी झाल्या, बेदाण्यांच्या सरबताच्या बाटल्या बांधून दिल्या गेल्या, पत्र लिहा, लिहू, असे झाले. सॅम्युएल मास्तरांच्या मांडीवर सेफेराची पेटी होती. भरल्या पाण्यातून लाँच दांड्यावरून सुखरूप पार झाली. एल्लोजीने ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि सुखरूप गेली याचा त्याला मनापासून आनंद झाला.

मग पुढचा शनिवार आला. आठवडे कुणासाठी थांबत नाहीत.

एल्लोजीने मशिदीचे दार उघडले. चौकटीला बोटे लावून ती ओठांना लावली. पवित्र कपाट उघडे होते आणि आत काही नव्हते. बाकांवर धूळ बसायला लागली होती. त्याच्या मागून मिलकाबाई आली आणि सवयीने जिना चढून माडीवर गेली. एवढ्या मोकळ्या जागेतही तिने आपलीच जागा धरली.

तो चौथऱ्यापाशी उभा राहिला. मुसाजी नव्हता, म्हणून त्याचाच हात उठला.

बोट आधी स्वतःच्या छातीवर आले. त्याने पहिला शब्द म्हटला.

मग त्याने वर पाहिले. बायकांना या मोजणीत धरत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. त्याने तिच्याकडे बोट केले आणि दुसरा शब्द म्हटला.

हात तसाच हवेत राहिला. मग तो हळूहळू खिडकीजवळच्या बाकाकडे वळला, जिथे बारा वर्षांपूर्वीपर्यंत पिनहास बसत असे, एक पाय दुसऱ्यावर टाकून, बापाच्या चुका हेरत. तिथे उन्हाचा एक चौकोन पडला होता. त्या उन्हाकडे बोट करून त्याने तिसरा शब्द म्हटला.

तुझ्या लोकांना तार.

चौथ्या शब्दाला कुणी नव्हते. तो थांबला. माडीवर मिलकाबाई उभी राहिली, आणि खाली तोही उभा होता, आणि मध्ये ऊन होते. बाहेर, दांड्यावरून, सावकाश, भरती येत होती.