मान डोलावणारी बाहुली

रत्नप्रभाबाई गेल्याचा इस्पितळातून फोन आला, तेव्हा पंखा सुरू होता आणि माझी मान डोलत होती. शेजारची धनलक्ष्मी रडत म्हणाली, "अय्यो, त्या बाहुलीला कुणीतरी थांबवा!"

मित्रांनो, मी कागदाच्या लगद्याची तंजावरी बाहुली आहे. आता रंग उडाला आहे. माझे डोके तारेवर नुसते टेकवलेले असते, त्यामुळे वारा आला की मान हलते. मला "हो" एवढेच म्हणता येते.

रत्नप्रभाबाईंच्या आईने मला लग्नात त्यांच्याबरोबर पाठवले. तमिळ मुलखातल्या अण्णा नगरच्या या घरी नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडत. त्याला इथे गोलू म्हणतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी माझ्या डोक्याला बोट लावत. "रत्ना, सून आण तर अशी, सगळ्याला हो म्हणणारी!"

अशाच एका नवरात्रात धनलक्ष्मीने विषय काढला. "गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करतात, लेडी डॉक्टर आहे. मी जाऊन आले. तू कधी जातेस?"

रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या, "ते दुखणं नवऱ्याकडून येतं म्हणे. मी गेले तर ह्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल."

"मग मी काय माझ्या नवऱ्यावर खटला भरला?"

सगळ्या हसल्या. रत्नप्रभाबाईही हसल्या, पण गेल्या नाहीत. मी मान डोलावत राहिले.

पुढे त्यांना पाळी नसतानाही मधेच रक्त जाऊ लागले. वयामुळे असेल, असे त्या म्हणाल्या. कर्करोग कळला तेव्हा तो पसरला होता.

डॉक्टर जे सांगत, ते रत्नप्रभाबाईंचे पती गिरीधरराव घरी येऊन सर्वांना सांगत. हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. त्याची लागण बहुतेकांना कधी ना कधी होते, त्यात कुणाची अब्रू जात नाही. बहुतेकदा तो आपोआप जातो. एखादीच्या शरीरात मात्र वर्षानुवर्षे गप्प राहतो. तपासणीत बिघाड लवकर सापडला, तर कर्करोग होण्याआधीच उपचार होतो. आता मुलींसाठी लसही आली आहे. मित्रांनो, मोठे झाल्यावर हे लाजून टाळू नका.

रत्नप्रभाबाई गेल्यानंतर, गेल्या मार्गशीर्षात त्यांची धाकटी बहीण तुळजा आली होती. गिरीधरराव तिला म्हणाले, "रत्नाने मला विचारलं असतं, तर मीच रिक्षा बोलावली असती. तू तरी जा."

"भावोजी, मला काही होत नाही."

"तिलाही काही होत नव्हतं."

 तुळजा म्हणाली, "पोंगलचा सण होऊ दे. जाते."

वारा आला आणि माझी मान हलली. गिरीधररावांनी उठून माझ्या डोक्यावर बोट ठेवले आणि ते थांबवले.

पोंगल होऊन गेला. तुळजाची तपासणी अजून झालेली नाही.