मी गर्थ, आसऱ्याचा शब्द

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव गर्थ. आज मी कुणाच्याच तोंडी नाही. जाडजूड कोशांत, बारीक अक्षरांत, 'लुप्त' असा शिक्का खाऊन पडलेला असतो. पण मित्रांनो, एके काळी माझ्या आधाराने माणसाचा जीव वाचत असे.

उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी मला होड्यांतून इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणलं. त्याच होड्यांतून कुऱ्हाडीही उतरल्या. गावं जाळून दोन्ही बाजू थकल्या की तह व्हायचा, आणि त्या तहाला माझं नाव असायचं. तेव्हा मी ग्रिथ होतो. पुढे राजाने दिलेलं अभय म्हणजे मी, आणि चर्चच्या हद्दीत मिळणारा आसरा म्हणजेही मीच. स्कॉटलंडात तोंडातोंडी फिरताना, तुमच्याकडे नुकसानाचं नुसकान होतं तसं, माझं गर्थ झालं. रागाच्या भरात एखाद्याच्या हातून खून झाला, त्याने हद्दीचा दगड गाठला आणि मला हाक मारली, की न्यायाधीशापुढे उभं राहीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. दबा धरून मारणाऱ्यासाठी मात्र मी नव्हतो.

तिथल्या केल्डहोप नावाच्या खोऱ्यात वर डोंगराला हासवेल घराणं राहायचं आणि खाली नदीकाठी यार घराणं. दोघांचं वैर इतकं जुनं होतं की सुरुवात कुणी केली हे कुणालाच सांगता येत नसे. उपवासाचे दिवस सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिथे चामड्याच्या चेंडूचा खेळ व्हायचा. खेळ कसला, ती मारामारीच असायची. एका वर्षी त्या गर्दीत सिम हासवेल निकोल यारच्या मेलेल्या बापावरून काहीतरी घाण बोलला. निकोल वीस वर्षांचा होता. त्याने कुंपणाचा खांब उपटला आणि सिमच्या डोक्यात घातला. एकच घाव. सिम उठला नाही.

निकोल पळाला. सिमचा थोरला भाऊ वॅट आणि तिघे चुलतभाऊ घोड्यांवर भाले घेऊन त्याच्यामागे लागले. ओढ्यात त्यांनी त्याला गाठलं. एकाचा भाला त्याच्या मांडीतून आरपार गेला, दुसऱ्याच्या तलवारीने कान उडवला. तरी तो चिखलातून, काट्यांतून, हातापायांवर सरपटत चर्चच्या चढावर आला.

तिथे हद्दीच्या दगडापाशी मॅरियन हासवेल उभी होती. सिम आणि वॅटची आई. म्हाताऱ्या पाद्रीबाबांना ओटच्या भाकऱ्या देऊन ती घरी निघाली होती. खाली काय झालंय याचा तिला पत्ता नव्हता. रक्ताने माखलेलं एक पोर दगडाला हात लावून माझं नाव घेतंय, एवढंच तिला दिसलं. तिने भाकऱ्यांची टोपली टाकली, त्याचा दंड धरला आणि त्याला हद्दीच्या आत ओढून घेतलं.

तेवढ्यात वॅट आला. पाद्रीबाबा धावत आडवे झाले तर वॅटची तलवार त्यांच्या हातावर बसली. तीन बोटं गवतात पडली. बाबा मटकन खाली बसले, पण बाजूला सरले नाहीत.

वॅटने आईकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "सोड त्याला, आई. यानं सिमला मारलंय. डोकं फुटलंय सिमचं."

मॅरियनचा हात अजून निकोलच्या दंडावरच होता. तो तिने काढून घेतला आणि लुगड्यासारख्या लांब झग्याला पुसला. पुसला तरी रक्त जाईना.

वॅट आता हळू आवाजात बोलला. "त्यानं अभय मागितलंच नाही. आम्ही लांब होतो, आम्हाला काही ऐकू आलं नाही. तूही ऐकलं नाहीस. एवढंच म्हण."

मित्रांनो, त्या क्षणी मी खरा की खोटा, हे त्या एका बाईच्या जिभेवर होतं. वारा होता, घोडे फुरफुरत होते. निकोल तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हता.

"ऐकलं मी," मॅरियन म्हणाली. "दगडाला हात लावून म्हणाला. मला सिमकडे घेऊन चल, वॅट. मी अजून त्याला पाहिलं नाही."

न्यायाधीशाने निकोलला सात वर्षं देशाबाहेर घालवलं. वॅटने मात्र आईला माफ केलं नाही. तो तिला चारचौघांत 'यारांची आई' म्हणायचा. वर्षभर त्याने तिच्या हातचं खाल्लं नाही. ती रोज त्याचं ताट वाढायची आणि रोज उचलून ठेवायची.

मग देशात धर्मच बदलला. नवे उपदेशक आले. जुन्या मूर्ती फुटल्या, क्रूस फुटले, आणि एका दुपारी चौघांनी घण घालून माझा दगडही फोडला. तुकडे रस्त्याच्या खड्ड्यांत गेले. आता आसरा फक्त कायद्याचा, असं सांगण्यात आलं. पण त्या खोऱ्यात कायदा क्वचितच यायचा. माझं नाव घ्यायचं कारण उरलं नाही. घोड्याच्या पोटाखाली आवळतात त्या तंगालाही तिकडे गर्थच म्हणत. पुढच्या मुलांना तेवढाच गर्थ ठाऊक राहिला.

दगड फुटल्याला बारा वर्षं झाली होती. बाजारात शब्दाने शब्द वाढला आणि वॅटने यारांच्या एका पोराला भोसकलं. पोर जागीच गेलं. वॅट आता बेचाळीस वर्षांचा होता. मागे यारांची पाच तरणी पोरं लागली, आणि तो त्याच चढावरून पळाला. दगड नव्हता. जिथे दगड असायचा तिथे तो गुडघ्यांवर बसला, जमिनीला हात टेकला आणि त्याने मला हाक मारली. दोनदा.

"कसला तंग?" एक पोरगा म्हणाला. "घोडा कुठाय तुझा?"

"म्हाताऱ्याचा तंग सुटलाय वाटतं," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

परदेशातून केव्हाच परतलेला निकोल लंगडत मागून येत होता. थांबा रे, गर्थ मागतोय तो, असं तो जीव तोडून ओरडत होता. पोरांना ते कळलं नाही. पहिला घाव वॅटच्या मानेवर बसला, दुसरा तोंडावर. तिसरा निकोलने स्वतःच्या हातावर घेतला, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

निकोलने खालून आपला घोडा आणला, वॅटला त्यावर आडवं घातलं आणि एकटाच डोंगरावर हासवेलांच्या अंगणात गेला. मॅरियन दारात बसून लोकर पिंजत होती. आता ती पासष्टीला आली होती. पुतण्यांनी तलवारी उपसल्या आणि निकोलला घेरलं. तो पळाला नाही.

"काकू," तो म्हणाला, "त्यानं मागितलं होतं. मी ऐकलं. मला पोचायला उशीर झाला."

मॅरियन उठली. वॅटचा ओळखू न येणारा चेहरा तिने दोन्ही हातांनी चाचपला, केसांतली माती काढली. मग निकोलची बाही धरून तिने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि पुतण्यांकडे वळून माझं नाव घेतलं.

"गर्थ? म्हणजे काय?" धाकट्या पुतण्याने विचारलं. तलवार त्याच्या हातात तशीच होती.

"म्हणजे तो माझ्या घरात आहे," मॅरियन म्हणाली.

मित्रांनो, ती शिकलेली नव्हती. पण दर्यावर्दी लोकांच्या भाषेत, तहाच्याही आधी, राजाच्याही आधी, माझा पहिला अर्थ हाच होता. घर. डोक्यावरचं छप्पर. तिला तो कुणी सांगितला नव्हता.

निकोल तिथे तीन दिवस राहिला. दोघांनी मिळून वॅटला धुतलं आणि पुरलं. चौथ्या दिवशी सकाळी ती त्याला नदीपर्यंत सोडून आली. वैर संपलं असं मात्र मी सांगणार नाही. पुढच्याच हिवाळ्यात यारांची गवताची कोठारं जळाली. मॅरियन गेल्यावर त्या खोऱ्यात मला कुणी उच्चारलं नाही.

मला पुन्हा बोलतं करा, असं माझं मागणं नाही. माझे दिवस गेले. पण तुमच्या बोलीतही एखादा शब्द असेल, जो ऐकला की उगारलेला हात थांबतो. तो लेकरांना शिकवा, आणि अर्थासकट शिकवा. वॅटवर पहिला घाव घालणारा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. पुढे न्यायाधीशापुढे तो म्हणाला, की तो माणूस काय मागत होता हे मला समजलं असतं तर मी थांबलो असतो. तो खोटं बोलत नव्हता.