दुफीचा निवाडा

ओहेने वकिलांनी टेबलावरचं लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बिरागोबाई, तुमच्या वाटेत नवऱ्याचा भाचा डोन्कोर नाही. तुमची आई आहे."

बिरागोने मागे वळून पाहिलं. आई दाराजवळच्या बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि वकिलाची फरशी खराब होऊ नये म्हणून टरफलं अंगावरच्या कापडाच्या घोळात जमवत होती. इतकं निरुपद्रवी माणूस कुणाच्या वाटेत येईल, हे खरंच वाटत नव्हतं.

"त्या नाही हो, त्यांचा खटला," वकील म्हणाले. "नवऱ्याने बायकोला जमीन दिली असं ठरायचं असेल, तर बायकोने नवऱ्याच्या घराण्यातल्या माणसांपुढे आभाराची बाटली ठेवायला हवी आणि त्यांनी ती प्यायला हवी. स्वयंपाकघरात एकटीने नवऱ्याला 'उपकार झाले' म्हणणं, हे आभार नव्हेत. अपील कोर्टाने तुमच्या आईच्या खटल्यात असं म्हटलं, आणि वरचं कोर्ट एकदा बोललं की खालच्याला तेच म्हणावं लागतं. पटो न पटो. तेव्हापासून या भागातल्या बायका याच पानावर हरतात. दुफीचा निवाडा म्हणतात त्याला."

आईने शेंग फोडता फोडता मान वर केली. "माझं नाव आहे त्यात?"

"आहे ना. पहिलंच."

"आणि दर खटल्यात घेतात?"

"दर खटल्यात."

"मग मला काही देत का नाहीत?" आई म्हणाली. "एवढं वापरतात ते फुकटच?"

वकील हसले. बिरागोला हसू आलं नाही. हे नाव गावोगावच्या बायकांना ठाऊक आहे, हे तिला माहीत होतं. एकदा बाजारात सुक्या मासळीवालीने आईचं नाव ऐकलं आणि टोपलीवर फडकं ओढून घेतलं. "तुझ्या नावाने माझी बाग गेली," ती म्हणाली. रागाने नाही, आज धूळ फार आहे असं सांगावं तशी. तेव्हापासून कुणी विचारलं की आई 'बिरागोची आई' एवढंच सांगायची.

आणि आभार तर आईने मानले होते. बापाने टेकडीवरच्या कोकोच्या बागेतला तुकडा आईला दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईने कंद उकडून कुस्करला, पामतेलात पिवळाधमक केला, वर सोललेली अंडी ठेवली आणि बापापुढे गुडघे टेकले. बाप कोयत्याला धार लावत होता. "बरं बरं, खाऊ दे आता," एवढंच म्हणाला. पुढे तो गेला आणि त्याच्या बहिणीच्या मुलाने रिवाजाप्रमाणे सगळी बाग घेतली, आईचा तुकडाही. कोर्टात आईला विचारलं, आभाराच्या वेळी कोण होतं? आई म्हणाली, माझी लेक होती. लोक हसले. त्यांच्यात घराणं आईकडून चालतं, म्हणजे लेक आईच्या घराण्याची. बापाच्या घराण्याची साक्ष ती कशी देणार? तो मुद्दा तिथेच संपला.

बिरागो त्या हसण्यातून जे शिकली, ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तिच्या नवऱ्याने, बारिमाने, ओढ्याकाठची बाग तिला द्यायची ठरवली, तेव्हा तिने आधी त्याचा हात धरला. "नुसतं दिली म्हणू नका. तुमची माणसं बोलवा."

"तू लग्न माझ्याशी केलंस की कोर्टाशी?" बारिमा म्हणाला. पण बोलावली त्याने. बिरागोने परदेशी दारूची हिरवी बाटली आणून सगळ्यांपुढे ठेवली. बारिमाचा मामा घराण्याचा प्रमुख. त्याने पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सांडले आणि मग तो प्यायला. मग बारिमाची थोरली बहीण ताचिवा प्यायली.

आता बारिमा नाही. मामाही गेला. उरली ताचिवा, आणि डोन्कोर तिच्याच पोटचा. बारिमाची वर्षाची शोकाची कापडं बिरागोच्या अंगावरून उतरलीही नव्हती, तेव्हा तो ओढ्याकाठी येऊन म्हणाला होता, "मामी, ही बाग मामाची होती, म्हणजे आता माझी. तुम्ही आपल्या माणसांत जा."

आपली माणसं म्हणजे आईचा भाऊ. त्याने आईला घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून चटईपुरती जागा दिली होती. ओढ्याकाठची बाग गेली तर त्या चटईवर दोघी.

बिरागो ताचिवाच्या गावी गेली. ताचिवा तिच्या नवऱ्याच्या बागेत चटयांवर कोको वाळत घालत होती. पायाने दाणे पसरत होती आणि वारा दर फेरीला त्यांच्यावर नवी धूळ घालत होता.

"वन्सं, मी आले."

"दिसतंय. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

"तुम्ही प्यायला होतात, वन्सं."

"मी पुष्कळ घरी प्यायलेय. तुझ्या बाटलीसाठी तोंड काय कोरं ठेवलं होतं?"

"एवढंच कोर्टात सांगा. बाकी काही नको."

"माझ्या पोराच्या समोर उभी राहून?" ताचिवाने पाय थांबवला नाही. "उद्या मी मेले की मला पुरणार कोण? तू?"

बिरागो चटईच्या कडेला गुडघ्यांवर बसली. आपण आईसारख्याच बसलोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तरी ती उठली नाही. "आईच्या त्या खुराड्याशेजारी मला जागा नाही, वन्सं. माझं वय झालं. नवी झाडं लावून ती फळाला येईपर्यंत मी जगणार नाही."

"सगळ्या बायका माहेरी जातात. तू काय वेगळी?"

"हा कोको कुणाचा, वन्सं?"

"माझ्या नवऱ्याचा."

"आणि पाय कुणाचे भाजतायत?"

ताचिवाचा पाय थबकला. मग पुन्हा दाणे पसरू लागला. "माझा नवरा धडधाकट आहे. अशुभ बोलू नकोस दारात येऊन. ऊठ. जा."

तारखेच्या आदल्या भेटीत ओहेने वकिलांनी बिरागोला काय बोलायचं ते समजावलं. आईचा निवाडा हे न्यायाधीश मोडू शकत नाहीत. तेवढी त्यांची पायरीच नाही. एकच वाट आहे. तो निवाडा शंभर टक्के बरोबर आहे असं म्हणायचं आणि मग दाखवायचं, की ही गोष्ट निराळी आहे.

"तिने आभार मानले नाहीत, तुम्ही मानले. संपलं."

"पण तिने मानले होते. वाडगा तर माझ्या..."

"बिरागोबाई." वकिलांनी चष्मा काढला. "हे तोंडातून गेलं, की तुम्ही निवाड्याशी भांडताय असं होईल. मग मी काही करू शकणार नाही."

कोर्टाच्या पायऱ्यांवर बिरागोने आईला ते सांगायचा प्रयत्न केला. वाक्य पुरं होईना. आईनेच ते उचललं. "सांग म्हणतो तसं. मी हरलेलीच आहे. अजून किती हरवतील मला?"

पिंजऱ्यात बिरागोला उभं केलं. डोन्कोरचे वकील साफो सडपातळ, हसतमुख. ते इंग्रजीत बोलायचे आणि दुभाषा ते आपल्या भाषेत तिच्यापुढे ठेवायचा.

"तुमच्या आईचा खटला तुम्हाला तोंडपाठ असेल?"

"आहे."

"तिथे जे कमी पडलं, नेमकं तेच तुमच्याकडे आहे. बाटली, घराण्याची माणसं. शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखं. ही गोष्ट घडली, बाई, की पुस्तक वाचून रचली?"

"मला वाचता येत नाही, साहेब. कमी पडताना पाहिलं होतं, म्हणून मी तसं केलं."

मागे कुणीतरी "वा!" म्हणालं. साफोंचं हसू तसंच होतं. "म्हणजे तुमच्या आईने आभार मानले नव्हते, हे तुम्हाला मान्य आहे?"

पंखा फिरत होता. आई तिसऱ्या बाकावर, हात मांडीत ठेवून, हाताकडेच बघत होती. त्या पहाटेचा पामतेलाचा वास कोर्टात कुठून आला कोण जाणे.

"मान्य आहे."

"कोर्टाला ऐकू आलं नाही."

"माझ्या आईने आभार मानले नाहीत."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. लेखणीचा आवाज पार पिंजऱ्यापर्यंत आला.

मग समन्स धाडून आणलेल्या ताचिवाला बोलावलं. ओहेने वकिलांनी बाटलीचं विचारलं, हिरव्या रंगाचं विचारलं, मामाने सांडलेल्या थेंबांचं विचारलं. ताचिवा छताकडे पाहून म्हणाली, "आठवत नाही, साहेब. वय झालं." आणि उतरून मुलाशेजारी जाऊन बसली. बिरागोने पुढच्या बाकाची कड धरली. आईला जगासमोर खोटं पाडलं, आणि हातात आलं काय, तर काहीच नाही. आता चटईवर दोघी झोपणार, आणि दोघींपैकी एकीला दुसरीकडे तोंड करून झोपता येणार नाही.

साफोंचा खटला जिंकल्यातच जमा होता. तेवढ्यावर ते बसले असते, तर कुणाचंच काही चाललं नसतं. पण हुशार माणसाला अर्धी भाकर पुरत नाही. ते पुन्हा उठले, आणि दुभाषा बोलू लागला:

"वकीलसाहेब म्हणतात, समजा ताचिवाबाई प्यायल्या असंही धरलं, तरी काय होतं? त्या बाईमाणूस. बाईने घोट घेतला म्हणजे घराणं हजर होतं असं होत नाही. घराणं म्हणजे घराण्यातले पुरुष. कोर्टाने हे या खटल्यात एकदाच ठरवून टाकावं, म्हणजे पुढे कुठल्याच बाईच्या घोटावर जमीन हलणार नाही."

ताचिवा उठून उभी राहिली. "काय म्हणाला तो?"

दुभाष्याने गडबडून न्यायाधीशांकडे पाहिलं.

"आई, खाली बस," डोन्कोर पुटपुटला. "आपल्याच बाजूचं बोलतोय तो."

"माझी बाजू? घराणं म्हणजे पुरुष?" ताचिवाचा आवाज चढला. "तू या घराण्याचा कसा झालास रे? या वकिलाच्या पोटातून आलास? मी नसते तर तुला मामा कुठला आणि बाग कुठली?"

न्यायाधीशांनी टेबल ठोकलं. मागच्या बाकांवरच्या बायका आता लपवून हसत नव्हत्या. ओहेने वकील उभे राहिले आणि साक्षीदाराला पुन्हा पिंजऱ्यात घ्यावं अशी विनंती केली. बाई बोलायची थांबणार नाही, हे न्यायाधीशांना दिसतच होतं; त्यांनी तिला निदान शपथेवर बोलायला लावलं.

"प्यायले मी," ताचिवा म्हणाली. "मामाने थेंब सांडले, तो प्यायला, मग मी. आवडली म्हणून पुन्हा मागून प्यायले. आणि लिहा साहेब, घराणं म्हणूनच प्यायले. तहान भागवायला माझ्या घरी पाणी आहे."

"मघाशी तुम्हाला आठवत नव्हतं," न्यायाधीश म्हणाले.

"मघाशी मी त्याची आई होते."

निकालाच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. न्यायाधीश बराच वेळ वाचत होते. ओढ्याकाठची बाग बिरागोची, हे तिला ओहेने वकिलांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पण दुभाषा मधला भाग सांगत होता तो तिने ऐकायला नको होता. दुफीचा निवाडा योग्यच होता आणि तो तसाच राहील. त्या बाईने आभार मानले नव्हते. तिच्या स्वतःच्या मुलीनेही या कोर्टात ते कबूल केलं आहे.

"आता तुमचंही नाव पुस्तकात," बाहेर व्हरांड्यात वकील हात चोळत म्हणाले. "बिरागोचा निवाडा. नवऱ्याची बहीण प्यायली की घराणं प्यायलं!"

डोन्कोर शेजारून गेला. "वरचं कोर्ट आहे अजून, मामी." त्याच्या मागून, चांगलं अंतर ठेवून, ताचिवा गेली. तिने बिरागोकडे पाहिलं नाही. ती मुलाच्या गाडीत बसली नाही, बसच्या थांब्याकडे चालत निघाली.

आई पायऱ्यांवर थांबली होती. "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"म्हणाले, तुझं वेगळं होतं."

"वेगळं," आई म्हणाली आणि खाली उतरू लागली.

खाली एक तरुण बाई पाठीला मूल बांधून उभी होती. तिच्या पायांना लाल माती अजून ओली होती, म्हणजे बागेतूनच निघून आलेली. "खरं का हो? नणंद प्यायली तरी चालतं?"

बिरागोच्या आधी आईच बोलली. "चालतं. पण घरात नको पाजू. अंगणात बसव, शेजारपाजारला दिसेल असं. आणि एकटीला नको. एकीची आठवण जाते."

बाई हसली, तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. "देव भलं करो, मावशी. कोण तुम्ही? घरी सांगेन, अमुकीने सांगितलं म्हणून."

आईने बिरागोकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुफी."

बाईचे हात सुटले नाहीत, पण सैल झाले. "त्या दुफी? ज्यांनी..." पुढचं तिने गिळलं.

"हो, तीच," आई म्हणाली. "आभार न मानणारी."

"मानले होते," बिरागो म्हणाली. पिंजऱ्यात जो आवाज निघाला नव्हता तो आता निघाला. रस्त्यापलीकडची केळी तळणारीसुद्धा वळून बघू लागली. "पहाटे, कंद कुस्करून, वर अंडी ठेवून. ती गुडघ्यांवर बसली होती. वाडगा माझ्या हातात होता, चटके बसत होते म्हणून मी सारखे हात बदलत होते. मी पाहिलंय. तिने मानले होते."

बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. ती कुणाच्याच घराण्यातली नव्हती. तिने ऐकलं म्हणून कुठलं झाड हलणार नव्हतं.

आईने अंगावरचं कापड सारखं केलं.

"अंडी घरच्या कोंबडीची होती," ती म्हणाली. "तेही सांग."

बिरागोने तेही सांगितलं.