धपाट्यावर चालणारा पंखा

"बाबा, टॉर्च माझ्या डोळ्यांत नको! वर मारा, वर!" थोरली गाडीच्या डॅशबोर्डखालून ओरडली. पाय सीटवर, पाठ दाराच्या कडेवर आणि डोकं पायपुसण्यावर, अशा अवस्थेतल्या माणसाकडून कोणी गोड बोलण्याची अपेक्षा करू नये.

उजेड वर गेला. थेट गाडीच्या छतावर.

गाडी बाबांची आणि चांगलीच जुनी. तिच्या हीटरचा पंखा दोन हिवाळे मर्जीने चालत होता. बटण दाबलं की ढिम्म. मग बाबा डॅशबोर्डवर ठरलेल्या जागी तळहाताने एक धपाटा घालत आणि पंखा खडबडून जागा होई. घरातल्या सगळ्यांनी त्या जागेवर हात मारून पाहिला होता, पण पंखा ऐकायचा तो बाबांचंच. "गाडीला माझा हात कळतो," हे ते आल्यागेल्याला ऐकवत. दुरुस्तीचं नाव काढलं की म्हणत, "चालतंय ना? मग उगाच कशाला खाजवून खरूज काढायची?"

थोरलीने हे चालवून घेतलं, मागच्या खेपेपर्यंत. बाबांना अधूनमधून हॉस्पिटलात शिरेतून औषध द्यावं लागे आणि परतताना त्यांना हुडहुडी भरे. मागच्या खेपेला पंखा हटूनच बसला. वाफेने काच आंधळी झालेली, थोरली एका हाताने ती पुसतेय, दुसऱ्या हाताने गाडी सांभाळतेय, आणि शेजारी बाबा दात वाजवत डॅशबोर्डला धपाटे घालताहेत. तेही सुई टोचलेल्या हाताने. हातावरची पट्टी लाल झालेली दिसली तेव्हा तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. बाबांचा, गाडीचा आणि स्वतःचाही. आता उद्या पुन्हा हॉस्पिटलात जायचं होतं.

मेकॅनिकने हात वर केले. "अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. पुढच्या आठवड्यात बघू." मग थोरलीनेच बाह्या सरसावल्या. ती कपडे शिवायची, आणि शिलाई मशीनच्या मोटरी उघडून उघडून तिचा हात त्यात बसला होता. फ्यूज धड निघाला. पंख्याच्या वायरीला तपासणीचा दिवा जोडला तर तो लख्ख पेटला. म्हणजे वीज येत होती, मोटरच कामचुकार होती. मोटरीला तीन स्क्रू होते. दोन निमूट निघाले, तिसऱ्याने बोटांची सालं काढली. मोटर हातात आली तेव्हा आतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. धपाटा बसला की ते घडीभर टेकायचे आणि पंखा फिरायचा, एवढंच ते बाबांचं कसब.

"बघा, याला कळायचा तुमचा हात."

बाबांनी मोटर उलटसुलट करून पाहिली. "असेल. पण जागा मलाच सापडली की नाही?"

थोरलीचे हात काळे झाले होते, नाहीतर तिने कपाळावर हात मारून घेतला असता.

दुकानातून आणलेली नवी मोटर बसवताना बाबांच्या सूचनांना ऊत आला. "डावीकडे घे. अगं, तुझं डावं नाही, माझं! लागला प्लग, लागला. निघ आता बाहेर, कंबर धरेल." थोरली इतकी वैतागली होती की खरंच बाहेर निघाली. बटण दाबलं. पंखा विनातक्रार सुरू झाला.

"शाब्बास!" बाबा म्हणाले, आणि आनंदाच्या भरात त्यांनी डॅशबोर्डला एक सणसणीत धपाटा घातला.

पंखा बंद.

"बाबा! अहो, चालत्या पंख्याला कशाला मारलंत?"

"सवयीने गेला गं हात."

"सवय, सवय! मागच्या वेळी हातातून रक्त निघालं तुमच्या. मला नाही बघवत ते. तेवढ्यासाठी मी सकाळपासून इथे उलटी लटकलेय, आणि तुम्ही..."

ती पुन्हा खाली शिरली, तेव्हा टॉर्चचा उजेड पहिल्यांदाच बरोबर जागी पडला. प्लग अर्धाच बसला होता. तिने तो टक् आवाज येईपर्यंत दाबला, बाहेर आली आणि मघाचा सगळा राग काढत स्वतःच तीन धपाटे घातले. पंखा फिरतच राहिला.

"आता याला धपाटा लागत नाही," ती म्हणाली. "कळलं?"

दुसऱ्या दिवशी परतताना बाहेर बोचरी थंडी होती आणि काच स्वच्छ होती. बाबा शालीत गुरफटून बसले होते. मग थोरलीला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, पट्टी बांधलेला हात हळूच शालीतून बाहेर येत होता, डॅशबोर्डकडे सरकत होता.

"बाबा!"

हात पंख्याच्या झरोक्यापुढे थांबला. बोटं पसरली.

"मारत नाही गं," बाबा म्हणाले. "शेकतोय."